मोगऱ्याला थंडीत निजू द्या

ठाण्यात बर्फ पडत नाही, तरी डिसेंबर आला की मोगरा मंदावतो. पानं पिवळी पडतात, नवी फूट थांबते. आपण घाबरून रोज पाणी ओततो आणि मुळं कुजतात. माझं गॅलरीतलं जुनं झाड असंच गेलं. अजून चुटपुट लागते.

आता मी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. खत पूर्ण बंद. कुंडी मात्र भरपूर उन्हात.

जानेवारीअखेर छाटणी. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून हात आखडू नका: वाळक्या, काडीसारख्या फांद्या बुडापासून काढा, बाकीच्या निम्म्यापर्यंत. कात्री धारदार हवी, काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, जरा वर, तिरका. जुनी पानंही खुडा. मग वरची माती हलक्या हाताने उकरून 12 इंची कुंडीला दोन मुठी शेणखत घाला आणि तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. थोड्याच दिवसांत डोळे फुगून हिरवे ठिपके दिसू लागतात.

सोसायटीच्या वाफ्यातल्या मोगऱ्यालाही हेच, फक्त पाणी आणखी कमी. जास्वंदीला मात्र हा उपास नको, ती आपल्याकडे थंडीतही फुलते.