‘दम लागतो का?’ असं विचारू नका

कराडात एका छातीच्या दवाखान्यात मी फुंकायच्या मशीनवर असते. तपासणीचं नाव स्पायरोमेट्री, पण पेशंट ‘फुंकायची टेस्ट’च म्हणतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोर मी ओरडतेय, “फुंका, फुंका, अजून, सोडू नका!” बाहेर बाकावरची माणसं दचकून आत बघतात.

आधी फॉर्म भरायचा असतो. त्यात प्रश्न असतो, दम लागतो का? उत्तर बहुतेक ‘नाही’. मग मशीनवर कळतं की श्वास जोरात बाहेर टाकायची ताकद निम्म्यावर आलीय. माणूस खोटं बोलत नसतो. दम लागेल असं काही तो करतच नाही. आधी डोंगर सुटतो, मग जिना, मग बाजार, आणि सगळं इतकं हळू होतं की घरच्यांनाही वाटतं, वय झालं. म्हणून घरातल्या कुणाची शंका येत असेल तर एवढंच विचारा: दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असं काय काय आहे?

परवाचंच एक बोलणं सांगते.

“काकू, दम लागतो?”
“न्हाय बा.”
“पाणी कोण भरतं?”
“सून भरती.”
“आधी?”
“मीच की!”
“आगाशिवच्या डोंगरावर जाता का दर्शनाला?”
“आता खालनंच हात जोडती. गुडघं दुखत्यात.”

हे ‘गुडघं’ नीट तपासा. गुडघ्यामुळे थांबलेला माणूस गुडघा चोळतो आणि तोंडानं कुरकुर करतो. दमामुळे थांबलेला कठड्याला हात टेकतो, खांदे वर घेतो आणि बोलत नाही. तरणा असेल तर मोबाइल काढून बघतो, कुणाचा फोन आल्यासारखा. प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत असे थांबणारे मला लांबून ओळखू येतात. सवयच लागलीय.

डॉक्टर दमाच्या पायऱ्या मोजतात, त्या घरीही मोजता येतात. फक्त खूप कष्टाच्या कामाला दम लागला तर काळजी नाही. सपाटीवर घाईनं चालताना किंवा थोड्या चढाला लागला तर लक्ष ठेवा. सपाटीवर आपल्या वयाच्या माणसांच्या मागं पडायला लागलात, किंवा आपल्याच चालीनं चालताना मध्ये थांबावं लागलं, तर तपासणी करायचीच. शंभरेक मीटरवर थांबावं लागणं किंवा कपडे बदलताना धाप लागणं याच्या पुढच्या पायऱ्या. लोक आमच्याकडे येतात ते तिथं पोचल्यावर.

खोकल्याकडेही असंच दुर्लक्ष होतं. ‘सकाळी एकदा खाकरून बेडका पडला की दिवसभर मोकळं,’ असं बिडी ओढणारे अण्णा अभिमानानं सांगतात. वर्षातले तीन महिने बेडक्याचा खोकला आणि सलग दोन वर्षं तसंच, याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. आणि बिडीच हवी असं नाही. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या, पहाटे बंब पेटवणाऱ्या, गुऱ्हाळाच्या चुलवणावर काम केलेल्या बायका आमच्याकडे येतात, आणि त्यांनी आयुष्यात बिडी हातात धरलेली नसते. डासांच्या कॉइलचं तर कुणाला काही वाटतच नाही. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. दारं-खिडक्या लावून उशाला कॉइल ठेवणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

दोन आठवड्यांवर खोकला गेला, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं काही असेल, तर आधी टीबीसाठी थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, लाजू नका. थुंकीत रक्ताची रेघ दिसली, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर थांबायचंच नाही. उलट, बीपीची नवी गोळी सुरू झाल्यापासून कोरडी ढास लागली असेल तर ती गोळी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांनी तसं होतं. मनानं बंद मात्र करू नका.

कोरडा खोकला आणि चालताना दम, पण घरघर नाही, बेडका नाही, अशी जोडी आमच्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त खटकते. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांभोवतीचा पडदाच जाड व्हायला लागला की असं होतं. मग ते विचारतात: खिडकीत पारवे बसतात का, घरात कूलर आहे का, बुरशी धरलेल्या कडब्यात किंवा ओल्या चिपाडाच्या ढिगात काम असतं का? दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये रान पेटलं तेव्हा आमच्याकडे लोक हसत होते. पण भारतातल्या अशा रुग्णांची जी मोठी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ निम्म्यांना हवेतल्या असल्याच गोष्टींच्या ॲलर्जीनं आजार झालेला होता.

घरी करण्यासारख्या दोन गोष्टी. छाती भरून श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून जोरात, पूर्ण बाहेर सोडा. दुसऱ्यानं घड्याळ लावावं. निरोगी माणूस तीन-चार सेकंदांत रिकामा होतो. सहाच्या पुढं श्वास येतच राहिला तर श्वासनळ्या आकसल्याची शंका धरा. (दहा सेकंद श्वास रोखून धरायची व्हॉट्सॲपवरची परीक्षा मात्र सोडून द्या. तिच्यातून काही कळत नाही.) दुसरी बोटांची. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून जोडा. मधे शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसली पाहिजे. फट बुजली असेल, नखं फुगीर झाली असतील, तर छातीचा एक्सरे काढा, बिडी ओढणाऱ्यानं तर नक्कीच.

ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी आहे आणि त्यानंच बरेच लोक फसतात. बसल्या जागी ९७ दाखवतो, म्हणून निश्चिंत. आजार सुरुवातीचा असेल तर आकडा पडतो तो चालल्यावर. बसून ९५ च्या वर असेल आणि छातीत दुखत नसेल, तर सहा मिनिटं आपल्या चालीनं चालून पुन्हा लावा. चारनं किंवा जास्त उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बोट गार नको, मेंदी नको, नेलपॉलिश नको. बसूनच ९२ च्या खाली असेल तर चालायचं नाही, दवाखाना गाठायचा. ओठ निळसर, एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, असं असेल तर १०८ ला फोन.

दम रक्त कमी असल्यानं आणि हृदयामुळेही लागतो. आडवं झाल्यावर वाढतो, पायांवर सूज आहे, असं असेल तर ते आधी सांगा. पण ‘एक्सरे नॉर्मल आला’ म्हणून विषय मिटवू नका. सुरुवातीच्या सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याच्या आजारात, एक्सरे चांगला दिसू शकतो, फुंकायची टेस्ट आपण होऊन मागा. आम्ही आधी फुंकायला लावतो, मग श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप देतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतो. पंपानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ०.७० पेक्षा कमी भरली, तर नळ्या कायमच्या आकसल्यात असं डॉक्टर धरतात.

येताना पोटभर जेवून येऊ नका, तासभर आधी बिडी नको, पंप चालू असेल तर कधी थांबवायचा ते फोनवर विचारा. डोळ्याचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक नुकताच झाला असेल तर नळी तोंडात घ्यायच्या आधी सांगा. पहिली फुंक जवळजवळ सगळ्यांचीच वाया जाते, आम्हाला चांगल्या तीन लागतात. आणि कवळी घट्ट बसत असेल तर काढू नका, ओठ नळीभोवती नीट मिटतात.