खोल बर्फातील स्नोमोबाइल आणि हिमस्खलन: नवशिक्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

डोंगरातील खोल, भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारे मोटारयंत्र, शिकणाऱ्याचे सारे लक्ष पहिल्या हंगामात यंत्राकडे असते, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र तेथे अधिक भीती बाळगावी ती यंत्राची नव्हे, उताराची. पायी किंवा स्कीवर चढणाऱ्याला जो उतार गाठायला अर्धा दिवस लागतो, तेथे हे यंत्र काही मिनिटांत पोहोचवते. पण त्या अर्ध्या दिवसात चढणाऱ्याच्या पायांना बर्फाची जी खबर लागत राहते, ती आपल्याला लागत नाही. खाली उतरून ती खबर घेण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याच्याबरोबर मी निर्धास्तपणे जाते. नुसत्या कसबी चालकाबरोबर जाताना मात्र दोनदा विचार करते.

यंत्राविषयी थोडक्यात. डोंगरी स्नोमोबाइलचा ट्रॅक, म्हणजे यंत्राला पुढे ढकलणारा फिरता पट्टा, लांब, बहुधा १५४ ते १६५ इंचांचा असतो आणि त्यावरील रबरी दाते अडीच ते तीन इंच उंच असतात, त्यामुळे यंत्र मऊ बर्फावर तरंगत राहते. येथे वळण हँडलने कमी आणि शरीराच्या भाराने अधिक घेतले जाते: डावीकडे वळायचे असल्यास हँडल क्षणभर उजवीकडे देऊन भार डाव्या फूटबोर्डवर टाकावा लागतो, म्हणजे यंत्र त्या कुशीवर कलते आणि वळते. दर ३०० मीटर उंचीमागे साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, हेही ध्यानात ठेवावे. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी अंगाला अडकवल्याशिवाय निघू नये.

नवशिक्याचा निम्मा दिवस अडकण्यात जातो. ट्रॅक जागच्या जागी फिरू लागला की हात आपोआप थ्रॉटल (वेग देणारी कळ) अधिक दाबतो आणि यंत्र स्वतःच खणलेल्या चरात मागच्या अंगाने बसत जाते. त्या क्षणी थ्रॉटल सोडून द्यावा. मग फूटबोर्डखालचा बर्फ काढावा, ट्रॅकच्या आणि यंत्राच्या पुढच्या स्कींच्या समोरचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा, तो थोडा वेळ तसाच बसू द्यावा, आणि एकाने स्की ओढत असताना दुसऱ्याने अगदी हलका थ्रॉटल द्यावा. उतारावर अडकलेले यंत्र कुशीवर उलटवून त्याचे तोंड खाली करणे पुष्कळदा सोपे पडते. थांबतानाच तोंड उताराकडे ठेवले तर ही कसरत बरीच टळते. घामाने भिजलेला, दमलेला माणूस चुकीच्या उताराखाली बराच वेळ खिळून राहतो, हा अडकण्याचा खरा तोटा आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. बर्फाची मोठी लादी निसटून होणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि चढून जाण्याची मजाही नेमकी याच उतारांवर असते. स्वच्छ, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दहिवरासारखे पिसांच्या आकाराचे स्फटिक धरतात. पुढच्या हिमवृष्टीत ते पुरले जातात आणि आठवडेच्या आठवडे कमजोर थर म्हणून आत टिकतात. वरचा थर जड झाला, वाऱ्याने एका बाजूला बर्फ साचला किंवा एकाएकी ऊन तापले, की एका यंत्राचा भारही तो थर मोडायला पुरतो. माणसे ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यांपैकी बहुतेक त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात.

निघण्यापूर्वी त्या भागाचा हिमस्खलन अंदाज वाचावा. कॅनडात ॲव्हलांच कॅनडा ही संस्था तो प्रसिद्ध करते, अमेरिकेत प्रादेशिक केंद्रे. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी पातळी मधली, म्हणून चालण्यासारखी, हा समज मी फार जणांत पाहिला आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या पातळीचा अर्थ असा की माणसामुळे हिमस्खलन होण्याची शक्यता दाट आहे. आणि मृत्यूंचा मोठा वाटा याच पातळीच्या दिवसांचा असतो. निव्वळ आकडा पाहून पान मिटू नये, कोणत्या दिशेच्या आणि किती उंचीवरच्या उतारांविषयी ते लिहिले आहे, तेही वाचावे.

अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो, समोरच्या उताराचा नव्हे. थर खचताना पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, पावलाच्या पुढे तडा पळत जातो; परंतु इंजिनाच्या गर्जनेत आणि हेल्मेटच्या आत हे काहीही कळत नाही. म्हणून उताराची दिशा किंवा उंची बदलली की मी इंजिन बंद करते, ट्रॅकने न तुडवलेल्या बर्फात काही पावले चालते आणि जागा निर्धोक असेल तर फावड्याने ३० सेंटिमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब चहूबाजूंनी सुटा करते. त्यावर फावड्याचे पाते ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यातून मारायच्या. मनगटाच्या थापांतच वरचा तुकडा सुरीने कापल्यासारखा सरळ पुढे घसरला, तर त्या दिशेचे उतार त्या दिवसापुरते सोडून द्यावेत. उलट, खांब टिकला म्हणजे परवाना मिळाला असे नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

गटाने पाळायचे नियम मोजके आहेत, पण उत्साहाच्या भरात तेच आधी मोडतात. उतारावर एका वेळी एकच यंत्र जावे. बाकीच्यांनी हिमस्खलन जेथवर वाहत येऊ शकते त्या टापूच्या बाहेर, यंत्रांची तोंडे निघण्याच्या वाटेकडे करून उभे राहावे. वर कोणी अडकला तर मदतीला दुसऱ्याने जाऊ नये. तो आपला आपण सुटेल. १३ मार्च २०१० रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर उताराच्या पायथ्याशी जमलेल्या गर्दीवर हिमस्खलन कोसळले. दोघे मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. त्याआधी २८ डिसेंबर २००८ रोजी त्याच प्रांतातील फर्नीजवळ पहिल्या हिमस्खलनात गाडल्या गेलेल्यांना उकरून काढत असतानाच दुसरे आले, आणि ११ स्नोमोबाइलचालकांपैकी ८ जण दगावले. म्हणूनच बचाव सुरू करताना वरच्या उतारावर नजर ठेवायला शक्य तर एक माणूस नेमतात.

साधनांत बीकन (गाडलेला माणूस सापडावा म्हणून रेडिओ संकेत सोडणारे आणि शोधावर लावल्यास दुसऱ्याचा संकेत पकडणारे उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडे ही तीन अनिवार्य, एअरबॅग (हिमस्खलनात माणसाला वर राहायला मदत करणारा, पाठपिशवीतला फुगा) असल्यास उत्तम. बीकन जॅकेटच्या आत पट्ट्यांनी बांधावा. प्रोब आणि फावडे यंत्रावरच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही, कारण यंत्र गाडले गेले की तीही गेली. ती पाठीवरच हवीत. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि मोबाइल, कॅमेरा, तापणारे हातमोजे त्यात व्यत्यय आणतात. अशा वस्तू एरवी बीकनपासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवाव्यात.

शोधाच्या वेळी आसपासची यंत्रे बंद करून सर्वांनी आपापले बीकन शोधावर लावावेत. एकही प्रक्षेपणावर राहिला तर सारे त्याच्याकडेच धावतात. सर्वांत जवळचा संकेत मिळाला की तेथून चक्राकार, २५ सेंटिमीटर अंतराने प्रोब खुपसत जावे, माणसाला लागलेला प्रोब काढू नये, आणि उताराच्या खालच्या अंगाने आडवे खणत जावे. जुन्या स्विस आकडेवारीनुसार १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचत आणि ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येई. अलीकडच्या अभ्यासाने ती पहिली मुदत १० मिनिटांच्या आसपास आणली आहे. तेवढ्या वेळात मदतपथक येत नाही, सोबतीच असतात. त्यामुळे हे सारे हंगामापूर्वी एखाद्या प्रशिक्षणवर्गात, शक्यतो स्नोमोबाइलचालकांसाठीच्या, हाताखालून घालून घ्यावे आणि नंतर दर फेरीला सपाट जागेवर पिशवीत बीकन पुरून सराव करावा. शोधणाऱ्याला खोली सांगू नये, आणि जाड हातमोजे काढू देऊ नयेत.