देशी वाणांच्या डिजिटल नोंदी: या चुका टाळा

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, तरीही देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. असे ज्ञान बोलण्यात आणि हातांत असते. नोंद करणारे मात्र गूगल फॉर्म घेऊन दारात उभे राहतात. त्या फॉर्ममध्ये उंची, कालावधी आणि उत्पादन विचारले जाते, पण बियाण्यासाठी कोणत्या लोंब्या राखायच्या किंवा कणगीत राख कशी घालायची, हे विचारलेच जात नाही. म्हणून आधी माहिती देणाऱ्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रण करावे आणि फॉर्म नंतर त्यावरून भरावा. प्रमाण मराठीत उतरवून झाल्यावर मूळ ध्वनिफीत पुसू नये.

दुसरी चूक नावाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महाग पडते. ‘काळभात’ एवढेच लिहिलेली नोंद फारशी उपयोगी नसते, कारण एकाच नावाचे भात दोन खोऱ्यांत वेगळे असू शकतात आणि एकाच भाताला दोन गावांत दोन नावेही असू शकतात. गाव, जमीन खाचराची की वरकस (डोंगरउताराची हलकी), पेरणी-कापणीचा काळ, लोंबीचा रंग, कुसळ आहे की नाही आणि बियाणे मुळात कोणाकडून आले, हे सारे लिहावे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक देऊन तोच क्रमांक डब्याच्या चिठ्ठीवरही घालावा.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा घटतो आणि त्यातील तारीख व स्थळाची माहिती निघून जाते. दाण्यांशेजारी मोजपट्टी ठेवून टिपलेले छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि त्याची प्रत दुसरीकडेही ठेवावी.

याउलट, उत्साहाच्या भरात शेताचे नेमके स्थान व दूरध्वनी क्रमांक सर्वांसाठी खुला करणे हीसुद्धा चूकच आहे. गावाचे नाव पुरते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्यांचे वाण समूहाच्या नावेही नोंदवता येते. त्यामुळे काय उघड करावे आणि काय राखून ठेवावे, हे माहिती देणाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

यादीत ‘उपलब्ध’ दिसणारे बियाणे पेरल्यावर उगवत नाही, ही तक्रार आली तर दोष बहुधा जुन्या नोंदीत सापडतो. हंगामापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, कोंब मोजावेत आणि ती टक्केवारी तारखेसह नोंदीत भरावी. उगवण घटलेली आढळल्यास वाटप थांबवून उरलेले बियाणे त्याच हंगामात पेरून घ्यावे.