चिऱ्याच्या घराची ओल: गवंड्याला बोलावण्याआधीची तयारी

गणपतीला कोकणात गावी गेलं की चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरात मखर उभारताना भिंतीचे पोपडे हाताशी येतात. मग मे महिन्यात रंग आणून ते झाकले जातात आणि श्रावणात पुन्हा उगवतात. हा क्रम उलटा करायचा. रंग अगदी शेवटी, त्याआधी गवंडी, आणि सगळ्यांच्या आधी पाणी कुठून येतंय त्याचा शोध. तो उन्हाळ्यात लागत नाही, म्हणून तयारी सुरू होते ती भर पावसात.

जोराची सर चालू असताना छत्री, मोजपट्टी आणि मोबाइल घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पागोळ्या कुठे पडतात, पन्हळीचा कोणता सांधा गळतो, पाणी भिंतीकडे वळतं की भिंतीपासून दूर जातं, सगळ्याचे फोटो काढा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने परत बघा. तेव्हाही जिथे डबकं उरलेलं असेल ती जागा आधी टिपून ठेवा. मग आत येऊन ओलीची वरची कड पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख लिहा. घरचे कुरकुरतील, पण पुढे गवंड्याशी बोलताना हीच रेघ कामाला येते.

ओलीचा आकार बरंच सांगून जातो. जमिनीपासून सलग पट्टा, साधारण कंबरेपर्यंत चढलेला आणि वरच्या कडेला पांढरे क्षार फुटलेले, तर पाणी पायातून वर ओढलं जातंय. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर, खिडकीच्या आसपास डाग असतील तर ती झड. वरून खाली आलेले ओघळ कौलांचे किंवा पन्हळीचे. आणि एकाच जागचा डाग एप्रिलमध्येही सुकत नसेल तर मोरी किंवा नळाचा पाइप तपासा; तिथे चर खणून काही उपयोग नाही. ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली असेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा.

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर 100 चौरस मीटरचं असेल आणि दिवसात 100 मिलिमीटर पडला, तर 10,000 लिटर पाणी खाली येतं. जुलैत कोकणात असा दिवस काही अपूर्वाईचा नाही. एवढं पाणी पागोळ्यांतून थेट पायाशी पडत असेल तर भिंतीवर काहीही फासा, ती ओलच राहणार. म्हणून पहिला खर्च पन्हळीचा. तिला उतार द्या, पाऊस लागायच्या आत पातेरा (साठलेला पालापाचोळा) काढा, आणि खालचा पाइप भिंतीलगत मोकळा न सोडता लांब न्या.

दुसरी पाहणी जोत्याची. ओल अचानक वाढली अशी तक्रार असते तिथे मी आधी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बघतो. जुन्या घराचं जोतं दीड-दोन फूट उघडं असायचं. मग अंगणात भराव पडला, वर पेव्हर ब्लॉक आले, समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन उंचावला, आणि जोतं निम्मं गाडलं गेलं. शिवाय कडक फरशीवर आपटलेली पागोळी उसळून भिंतीवर येते, ती वेगळीच. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा: भिंतीपासून 10 फुटांत निदान 6 इंच उतार हवा. नसेल तर माती काढावी लागेल, ब्लॉक उचलावे लागतील. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण भिंतीवरच्या कुठल्याही लेपापेक्षा याचा गुण जास्त.

घर उतारावर असेल तर वरच्या अंगाला चर लागेल. ती भिंतीला खेटून नको आणि पायाच्या तळापेक्षा खोल तर मुळीच नको. तळाला छिद्रांचा पाइप, भोवती खडी आणि माती अडवायला जिओटेक्स्टाइल कापड; उतार 100 फुटांना एक फूट. खणण्याआधी पाणी शेवटी कुठे सोडायचं ते ठरवा: व्हाळ, गटार की शोषखड्डा. शोषखड्डा विहिरीजवळ नको, आणि छपराच्या पाण्यात मोरीचं पाणी मिसळू नका. वाट शेजाऱ्याच्या गडग्याकडे जात असेल तर कुदळ मारण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या. नंतर बोलणं महाग पडतं.

ही कामं दिवाळीनंतर लगेच काढा, कारण भिंतीला सुकायला वेळ लागतो. जाड भिंत एका महिन्यात इंचभर सुकते असा ढोबळ अंदाज धरतात. फुगलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर ते विरघळून परत आत जातात. चौकटींना वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का, तेही आत्ताच बघा. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग चढवला की आतली ओल कोंडते आणि दुसऱ्या बाजूने फुटते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी मिळाला तर सोडू नका. भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय विटांच्या एकसारख्या भिंतीत चालून जातो. मातीत रचलेल्या, आत पोकळ्या असलेल्या चिऱ्याच्या भिंतीत मी त्यावर पैसे घालणार नाही.

झडीच्या बाजूला पूर्वी माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधत, आता पत्रे किंवा ताडपत्री लावतात. ते काम मिरगाच्या आधी उरका, पण पत्रा भिंतीला चिकटवून ठोकू नका. मधे वीतभर जागा आणि वर-खाली मोकळी फट ठेवा, नाहीतर आडोशाची भिंत वाऱ्याविना ओलीच राहील.