‘नो मॅडम, आय ॲम नॉट आर्ग्यूइंग’

पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत मी वीसेक पानांचा मसुदा मार्गदर्शक बाईंकडे दिला होता. त्यांनी तो वाचून संपवला, चष्मा टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘सो, व्हॉट आर यू आर्ग्यूइंग?’ माझ्या पोटात गोळा आला. मी घाईघाईनं म्हणालो, ‘नो मॅडम, आय ॲम नॉट आर्ग्यूइंग. सॉरी.’ त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, ‘यस, दॅट इज द प्रॉब्लेम.’

वीस पानं मी कोण काय म्हणालं ते उतरवून काढलं होतं. माझं स्वतःचं म्हणणं कुठेच नव्हतं. आणि ते विचारलं गेल्यावर मला वाटलं, आपण बहुतेक उद्धटपणा केला.

दोष माझ्या एकट्याचा नाही. ‘उगाच आर्ग्यू करू नकोस’ हे ऐकतच आपण मोठे होतो. म्हणजे हुज्जत घालू नकोस, उलटून बोलू नकोस. हे क्रियापद मराठीत आलं ते अर्धंच. कारणं देऊन एखादी गोष्ट मांडणं हा उरलेला अर्धा अर्थ वकिलानं ‘केस आर्ग्यू केली’ म्हणताना तेवढा डोकावतो. खरं तर ज्या लॅटिन शब्दापासून ते आलं, त्यातही स्पष्ट करून दाखवणं आणि दोष ठेवणं असे दोन्ही अर्थ होते. आपल्याकडे न्यायशास्त्रानं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रानं, यांची वेगवेगळी खातीच पाडली आहेत. तत्त्व शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा पाडायचा ती वितंडा. बाई वाद मागत होत्या, मला वितंडा ऐकू आली.

डार्विननं १८५९ साली उत्क्रांतीवरचा आपला अख्खा ग्रंथ म्हणजे एक लांबलचक आर्ग्युमेंट आहे असं त्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात म्हटलं. तो काही पाचशे पानं भांडत नव्हता.

कुठला अर्थ आहे हे ओळखायची माझी युक्ती साधी आहे: क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते बघायचं. ‘शी आर्ग्यूज दॅट द टॅक्स इज अनफेअर’ इथे ‘दॅट’ आला, म्हणजे मांडणी. कर अन्याय्य आहे असं ती सकारण सांगते आहे. ‘शी आर्ग्यूड विथ हर ब्रदर अबाउट द बिल’ इथे ‘विथ’ आला, म्हणजे भावाशी खटका उडाला. ‘फॉर’ किंवा ‘अगेन्स्ट’ आलं की बाजू घेतली. माणूस मात्र थेट कर्म म्हणून येत नाही. ‘ही आर्ग्यूड मी’ हे वाक्य मी कित्येक महिने बिनधास्त वापरलं; ते चूक आहे. ‘ही आर्ग्यूड मी इंटू स्टेइंग’ चालतं, कारण तिथे वाद घालून मला थांबायला राजी केलं असा पूर्ण अर्थ होतो. आणि एक अपवाद लक्षात ठेवा: ‘आय कान्ट आर्ग्यू विथ दॅट’ म्हणजे ‘मान्य’. इथे ‘विथ’ असून भांडण नाही.

लिहिताना दुसऱ्याच्या तोंडी हे क्रियापद घालायचं असेल, तर त्यानं कारण दिलंय का ते आधी तपासा. नुसतं विधान असेल तर ‘सेज’ किंवा ‘स्टेट्स’ पुरतं. ‘क्लेम्स’ म्हटलं की तुम्हाला ते फारसं पटलेलं नाही असा वास येतो. ‘प्रूव्ह्ज’ तर जपूनच. बाईंच्या त्या प्रश्नानंतर मी इतका चेकाळलो, की पुढच्या मसुद्यात एकाच पानावर नऊ वेळा ‘आर्ग्यूज’ होतं. बाईंनी नऊही गोल केले. त्यांतल्या सहा ठिकाणी मूळ लेखकानं फक्त माहिती दिली होती.

‘आर्ग्युएबली’नं मला सगळ्यात जास्त फसवलं. ‘आर्ग्युएबली द बेस्ट मेथड’ म्हणजे जिच्याबद्दल वाद आहे अशी पद्धत, असं मी समजत होतो. तसं नाही. ‘ही बहुधा सर्वोत्तम आहे, निदान तसं म्हणायला आधार आहे’ असं ते कौतुकच असतं. ‘आर्ग्युएबल’ मात्र दोन्हीकडे झुकतो. कधी समर्थनीय, कधी शंकास्पद. संदर्भ बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका.

बैठकांमधलं वळण वेगळंच. कुणी ‘आय वुड आर्ग्यू द अपोझिट’ म्हणालं की पहिल्यांदा कान गरम होतात. पण तो ‘वुड’ धार बोथट करायला असतो: ‘मला जरा उलटं वाटतं बुवा’ इतकंच. ‘यू कुड आर्ग्यू दॅट…’ अशी सुरुवात झाली, तर पुढच्या ‘बट’ची वाट बघा. बोलणाऱ्याला ते मत स्वतःला बहुतेक मान्य नसतं.

परीक्षेचं म्हणाल, तर परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या जीआरईत पूर्वी ‘ॲनलाइझ ॲन आर्ग्युमेंट’ असा एक निबंध असायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा आटोपशीर झाली तेव्हा तो गेला. सरावाला मी त्यात माझं मत ठणकावून लिहायचो. मागितलेलं असायचं ते दुसऱ्याच्या युक्तिवादातलं कच्चं कुठे आहे हे दाखवणं. आता उरलेल्या ‘इश्यू’च्या निबंधात मात्र स्वतःची बाजू घ्यावीच लागते.

स्पेलिंगचं सांगायचं राहिलंच. ‘आर्ग्यू’च्या शेवटचा ‘ई’ ‘आर्ग्युमेंट’मध्ये गळतो. हे मला माहीत होतं, चार जणांना शिकवलंही होतं. तरी माझ्या बांधून घेतलेल्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकात, ठळक टायपात, तो ‘ई’ अजून बसलेला आहे.