एमएस्सी नर्सिंग अर्ध्यात आलंय आणि ब्रँच बदलावीशी वाटतेय? आधी हे करून बघा

दरवर्षी फर्स्ट इयरचे सहा-सात महिने झाले की कुणाचा तरी फोन येतोच, मॅडम माझी ब्रँच चुकली, बदलता येईल का. ब्रँच म्हणजे एमएस्सीला घेतलेली स्पेशालिटी. मी मेंटल हेल्थ, म्हणजे सायकॅट्रिक नर्सिंग केलंय आणि मी पण त्याच सुमारास बदलायला निघाले होते, त्यामुळे हा फोन मी कधी घाईत ठेवत नाही.

पहिली गोष्ट, आपल्याकडे ब्रँच ॲडमिशनलाच ठरते. मध्येच बदलायची म्हणजे बहुतेक वेळा सीट सोडायची आणि पुन्हा फर्स्ट इयरपासून सुरू करायचं. म्हणजे एक वर्ष, त्या वर्षाची फी आणि त्या वर्षात मिळाला असता तो पगार, एवढं जाणार. हा आकडा कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा, मगच पुढचं बोलू.

आता नक्की कशाचा कंटाळा आलाय ते शोधा. माझं सिनॉप्सिस, म्हणजे रिसर्चचा आराखडा, तीनदा परत आलं होतं, रिसर्चच्या गाइड मॅडम भेटायलाच वेळ देत नव्हत्या, आणि गावी गेलं की आत्या विचारायची, अगं वेड्यांच्या दवाखान्यात कशाला गेलीस, मेडसर्ज (मेडिकल-सर्जिकल) घ्यायचं ना. या सगळ्याचा राग मी ब्रँचवर काढत होते. मग एका सीनियर ताईने सांगितलं की पंधरा दिवस ड्युटीवरून आलं की वहीत एकच ओळ लिही, आज कशाचा वैताग आला. मी लिहिलं. बहुतेक ओळी गाइड, हॉस्टेलचं जेवण आणि असाइनमेंटच्या, वॉर्डाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

उलट तेव्हा येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलला पोस्टिंग होतं, तिथे एक आजी आठ दिवस कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, मी रोज शेजारी बसून त्यांची वेणी घालायचे, आणि नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तेल कमी लावलंस." एवढंच. मी पळत जाऊन प्रोसेस रेकॉर्डिंगच्या, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं टिपायच्या वहीत ते लिहिलं, हात थरथरत होता माझा. त्या दिवशी मला कळलं की मला गाइड बदलायला हवाय, ब्रँच नाही. प्रिन्सिपल मॅडमना लेखी अर्ज दिला, दीड महिना लागला पण गाइड बदलून मिळाला. तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या.

पण सगळ्यांचं असंच होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या बॅचच्या आयएनसी (इंडियन नर्सिंग कौन्सिल) सिलॅबसमध्ये फर्स्ट इयरला नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस आणि रिसर्च-स्टॅट्स हे तीन विषय सगळ्या ब्रँचना सारखेच होते, आपल्या ब्रँचचं क्लिनिकल स्पेशालिटी फक्त एक, त्याचे प्रॅक्टिकल 650 तास. सेकंड इयरला तेच 950 तास, आणि वर डिझर्टेशन, म्हणजे रिसर्चचा प्रबंध. त्यामुळे फर्स्ट इयरच्या थिअरीला वैतागला असाल तर दुसऱ्या ब्रँचमध्येही तीच थिअरी आहे. आणि वॉर्डात पाय टाकतानाच पोटात गोळा येत असेल तर पुढचे 950 तास तुमच्यासाठी फार मोठे आहेत. माझी रूममेट ओबीजीला (प्रसूती आणि स्त्रीरोग) होती, लेबर रूमची ड्युटी असली की आदल्या रात्री तिला झोप लागायची नाही, एक वर्ष वाट बघितली तरी तेच. तिने सोडलं, पुन्हा आयसीयूत नोकरी धरली आणि नंतर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर केलं, तो पण दोन वर्षांचाच कोर्स आहे पण जवळजवळ सगळा वॉर्डात, रेसिडेन्सीसारखा. तिचं वर्ष गेलं, पण तिचा निर्णय बरोबरच होता असं मी आजही म्हणते.

पुढे काय करायचंय तेही बघा. अमेरिकेला जायचं असेल तर तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा एनसीएलईएक्स ही जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) किंवा बीएस्सीवर देता येते, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या नॉरसेट परीक्षेलाही एमएस्सी लागत नाही, म्हणजे तिथे ब्रँच बदलून काही पदरात पडत नाही. शिकवायचं असेल तर बीएस्सी कॉलेजला मेडसर्ज, ओबीजी, बालरुग्ण, सायकॅट्रिक आणि कम्युनिटी अशा पाचही स्पेशालिटीचे टीचर लागतात, त्यामुळे सायकॅट्रिक किंवा कम्युनिटीला स्कोप नाही हे ऐकून कुणी ब्रँच सोडू नका प्लीज.

कॉलेजच नकोय, ब्रँच ठीक आहे, असं असेल तर ट्रान्सफरबद्दल कॉलेजला आणि नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठात लेखी विचारा. एजंट "होऊन जाईल" म्हणाला म्हणून एक रुपया देऊ नका.

आणि सोडायचं ठरलंच तर राजीनाम्यासारखं रागात लेटर टाकू नका. आधी ॲडमिशनच्या वेळी सही केलेला बॉन्ड काढून वाचा, सीट सोडल्यावर किती भरावं लागतं ते त्यात असतं. ओरिजिनल सर्टिफिकेट्स कॉलेजकडे अडकलेली असतात, ती कधी मिळणार ते लेखी घ्या, कारण नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचा कागद हातात नसेल तर नवीन हॉस्पिटल जॉइन करून घेत नाही. जमलं तर फर्स्ट इयरची परीक्षा देऊनच निघा, मार्कशीट हातात असलेली बरी. नवीन ठिकाणी सीट पक्की झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.