टॉवेल पाणी टिपेना? सॉफ्टनरच्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाचे कपडे राठ झाले किंवा मशीनमधून कुबट वास आला की माझं दार वाजतं. येणारीच्या घरी सॉफ्टनरची, म्हणजे धुतलेले कपडे मऊ करणाऱ्या द्रवाची, बाटली आधीच आलेली असते. प्रश्न एकच, 'काकू, किती टोपणं घालू?' घालायचं का, हे कुणी विचारत नाही.

टॉवेलला सॉफ्टनर

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या चुकीवर. एका दिवाळीत आम्ही भाच्याकडे होतो. भाचेसुनेनं पाहुण्यांसाठी सहा जाडजूड नवे टॉवेल आणले होते आणि प्रत्येक धुण्यात दोन-दोन टोपणं सॉफ्टनर ओतलं होतं. नरकचतुर्दशीची पहाट, तेल-उटणं लावून एकेकाची आंघोळ सुरू. टॉवेल हाताला लोण्यासारखा, पण अंगावरून फिरवला की पाणी नुसतं इकडचं तिकडे. फराळाला बसलो तर निम्म्या जणांच्या केसांतून ताटात थेंब पडत होते. आमच्या यजमानांनी शेवटी पिशवीतून आपला जुना पंचा काढला. पोरगी बिचारी टॉवेल बदलून घ्यायला दुकानात भांडायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, टॉवेल चांगलेच आहेत.

सॉफ्टनर धाग्यावर एक स्निग्ध थर बसवतं, म्हणून कापड गुळगुळीत लागतं. तोच थर पाणी आत शिरू देत नाही. आम्ही ते सहाही टॉवेल गरम पाण्यात, नेहमीच्या निम्मी पावडर आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून लागोपाठ दोनदा धुतले. तुमच्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर तुमच्याकडेही हेच झालंय. बाळाची दुपटी, लंगोट आणि मायक्रोफायबरची फडकी यांनाही हाच नियम, सॉफ्टनर नको.

राठपणाचं कारण न शोधता बाटली आणणं

बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डिटर्जंटचा जोर कमी पडतो, मग आपण पावडर वाढवतो, ती नीट निघत नाही आणि कपडे पुठ्ठ्यासारखे होतात. त्यावर वरून सॉफ्टनर! खात्री करायची असेल तर धुतलेला टॉवेल नुसत्या गरम पाण्यात खळबळा. फेस आला तर जुनी पावडर अजून कापडातच आहे. मी तर पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा कमीच पावडर घालते आणि एक पाणी जास्त काढते. एवढं सांगितलं की नव्या मुली म्हणतात, 'पण काकू, वीस मिनिटं जास्त लागतात.' लागू देत. तेवढ्यात चहा होतो.

बिनवाऱ्याच्या गॅलरीत वाळलेला सुती टॉवेल चांगल्या पाण्यातही कडक होतो. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी 2020 मध्ये याचं कारण मांडलं: वाळल्यावरही धाग्यांवर थोडं पाणी उरतं आणि ते गोंदासारखं धागे एकमेकांना चिकटवतं. आजी वाळत घालताना आणि काढताना कपडे फटाफट झटकायची, तोच यावरचा इलाज. फुकट आहे म्हणून कुणाला पटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पावडरसोबत एकाच वेळी सॉफ्टनर घालू नका. दोघांचे विद्युतभार विरुद्ध असतात, एकमेकांना निकामी करतात. सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात.

फ्रंट लोडमध्ये फुलाचं चित्र असलेला कप्पा त्याचा. खुणेच्या वर भरलंत तर ते आधीच आत ओढलं जातं. कप्पा महिन्यातून एकदा काढून धुवा, आत काय साचलंय ते बघून तुम्हीच नाक धराल.

थेट कपड्यावर ओतू नका, तेलकट डाग पडतात. पडलाच तर ओला करून साबणाच्या साध्या वडीनं चोळा.

जिमचे ड्राय-फिट कपडे आणि रेनकोट यांना अजिबात नको.

पावसाळ्यातला कुबट वास सॉफ्टनरच्या सुगंधाखाली दडपू नका. कपडे पुन्हा धुवा, पंख्याखाली वाळवा.

सुती साडीला खळ द्यायची आणि सॉफ्टनरही घालायचं, असं करणारी एक शेजारीण आहे. तिला मी काय सांगणार!

सॉफ्टनरऐवजी अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर कधीतरी शेवटच्या पाण्यात चालतं. पण ब्लीचबरोबर कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आता घरात अर्धी बाटली उरली असेल तर ओतून देऊ नका. विदर्भातल्या कोरड्या थंडीत अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर आणि पॉलिएस्टरच्या साड्या अंगाला चिकटतात, चटचट आवाज करतात, तिथे सॉफ्टनर खरंच उपयोगी पडतं. नागपूरला नणंद असेल तर तिला देऊन टाका, टॉवेलला लावायचं नाही असं बजावून.